डाव्या-उजव्या मेंदूचा हिशेब

उन्हाळी सुट्टी जवळ आली की वर्तमानपत्रात घालून येणाऱ्या आणि शाळेच्या फाटकाबाहेर वाटल्या जाणाऱ्या पत्रकांत एक आवाहन हमखास असते: आपल्या मुलाचा उजवा मेंदू जागा करा. डावा मेंदू म्हणे तर्काचा, गणिताचा, भाषेचा. उजवा कल्पनेचा, कलेचा, भावनांचा. शाळा डाव्याचेच लाड करते, उजवा उपाशी राहतो, आणि ही उणीव भरून काढायला अमुक आठवड्यांचा, तमुक हजारांचा वर्ग. ही निव्वळ थाप असती तर ती एका वाक्यात निकालात काढता आली असती. पण तिच्या मुळाशी दीडशेहून अधिक वर्षांचे अस्सल संशोधन आहे आणि त्यातल्या एका टप्प्याला नोबेल पारितोषिकही मिळाले आहे. मेंदूच्या दोन गोलार्धांत कामांची वाटणी आहे, हे खरेच आहे. मात्र ती कशाची आहे, किती पक्की आहे आणि आपल्याला कशी कळली, हे क्रमाने पाहिले की पत्रकवाल्यांनी दुधात पाणी कुठे घातले ते ध्यानात येते.

वाचा कुठे राहते?

आधी रचना. मेंदूचे दोन गोलार्ध मधल्या खोल खाचेने वेगळे झालेले असतात आणि त्या खाचेच्या तळाशी सुमारे वीस कोटी तंतूंच्या जाड पट्ट्याने जोडलेले असतात. हा पट्टा म्हणजे कॉर्पस कॅलोसम. शरीराशी जोडणी उलटी असते: डावा गोलार्ध उजवा हात-पाय हलवतो, उजवा गोलार्ध डावा. दृष्टीचेही तसेच. समोर एका बिंदूवर नजर रोखली तर त्याच्या उजवीकडचे दृश्य, मग ते कोणत्याही डोळ्यात शिरलेले असो, आधी डाव्या गोलार्धाकडे जाते आणि डावीकडचे उजव्याकडे.

१८६१ च्या एप्रिलमध्ये पॅरिसजवळच्या बिसेत्र रुग्णालयात लबोर्न्य नावाचा ५१ वर्षांचा रुग्ण शल्यचिकित्सक पॉल ब्रोका यांच्याकडे आला. अनेक वर्षे त्याच्या तोंडून ‘तां’ या एका अक्षराखेरीज फारसे काही निघत नव्हते. बोललेले त्याला बरेचसे समजे. उत्तर मात्र ‘तां तां’ एवढेच. काही दिवसांत तो वारला. शवविच्छेदनात डाव्या गोलार्धाच्या पुढच्या खालच्या भागात मोठी इजा दिसली. असे आणखी रुग्ण जमल्यावर १८६५ मध्ये ब्रोका यांनी निष्कर्ष मांडला की माणूस डाव्या गोलार्धाने बोलतो. त्याच वर्षी फ्रेंच डॉक्टर मार्क दाक्स यांचा त्याच आशयाचा निबंध त्यांच्या मुलाने छापला. दाक्स यांनी तो १८३६ मध्येच लिहिला होता, असा मुलाचा दावा होता. श्रेय कुणाचे, हा वाद आजही चघळला जातो.

१८७४ मध्ये अवघ्या २६ वर्षांच्या कार्ल वेर्निके यांनी वाचाघाताचा दुसरा प्रकार दाखवला. हे रुग्ण घडाघडा बोलतात, पण बोलण्याला अर्थ नसतो आणि ऐकलेलेही त्यांना उमगत नाही. इथेही इजा डावीकडेच, मात्र ब्रोका यांच्या जागेच्या मागे. लबोर्न्यचा मेंदू न कापता जतन केलेला असल्यामुळे २००७ मध्ये त्याची एमआरआय तपासणी करता आली. इजा ब्रोका यांनी वर्णिलेल्या भागापुरती नव्हती, ती आत खोलवर पोचलेली होती. म्हणजे ज्या रुग्णावरून ‘ब्रोका क्षेत्र’ हे नाव रूढ झाले, त्याची वाचा जाण्याला त्या क्षेत्रापलीकडची हानीही कारण होती. एका कामाला एक जागा, हा नकाशा पहिल्याच उदाहरणात तोकडा पडतो.

‘मुक्या’ अर्ध्याची दखल

वाचा डावीकडे सापडली तशी त्या गोलार्धाला ‘प्रधान’ आणि दुसऱ्याला ‘गौण’ म्हणण्याची पद्धत पडली. ब्रिटिश मज्जातज्ज्ञ जॉन ह्यूलिंग्ज जॅक्सन यांना हे मान्य नव्हते. १८७६ मध्ये त्यांनी उजव्या गोलार्धात गाठ झालेल्या एका बाईची हकिकत नोंदवली. तिला ओळखीच्या वाटा, माणसे आणि वस्तू ओळखता येईनात. जॅक्सन यांचे म्हणणे होते की पाहून ओळखण्याच्या कामात उजवी बाजू पुढे असावी.

त्यांचे म्हणणे किती खोल होते, हे नंतर ‘दुर्लक्ष’ या लक्षणाने दाखवले. उजव्या गोलार्धाच्या मागच्या भागात अर्धांगवायूचा झटका बसलेल्या कित्येक रुग्णांच्या लेखी जगाची डावी बाजू उरतच नाही. डोळे शाबूत असतात, तरी माणूस अर्ध्याच चेहऱ्याची दाढी करतो, घड्याळ काढताना बाराही आकडे उजवीकडे कोंबतो. आपल्याकडच्या ताटाचे उदाहरण घ्यायचे तर उजवीकडची भाजी-आमटी संपवून तो उठेल. डावीकडची चटणी, कोशिंबीर जशीच्या तशी राहील आणि वाढली नाही म्हणून कदाचित तक्रारही करेल.

१९७८ मध्ये एदोआर्दो बिझियाक आणि क्लाउदिओ लुत्झात्ती यांनी मिलान शहरातल्या अशा रुग्णांना ओळखीचा कथीड्रलचा चौक मनात आणायला सांगितला. कथीड्रलकडे तोंड करून उभे आहोत असे कल्पिले की रुग्ण उजवीकडच्या इमारती सांगत. मग कथीड्रलकडे पाठ करून उभे असल्याची कल्पना करायला सांगितल्यावर, आधी गाळलेल्या इमारती बरोबर आठवत आणि आधी सांगितलेल्या गळून पडत. स्मृती दोन्ही बाजूंची होती, लक्ष मात्र मनातल्या चित्रातसुद्धा एकाच बाजूला जात होते. डाव्या गोलार्धाला इजा झाल्यावर उजव्या बाजूचे असे तीव्र आणि टिकाऊ दुर्लक्ष क्वचित दिसते. प्रचलित स्पष्टीकरण असे की डावा गोलार्ध मुख्यतः उजव्या बाजूवर लक्ष ठेवतो, उजवा दोन्ही बाजूंवर. म्हणून उजवा निकामी झाला की डावीकडे पाहणारा कुणी उरत नाही.

जोड तोडल्यावर

अपस्माराची आकडी एका गोलार्धातून दुसऱ्यात पसरू नये म्हणून कॉर्पस कॅलोसम कापण्याच्या शस्त्रक्रिया अमेरिकेत विल्यम व्हॅन वॅगेनन यांनी १९४० च्या सुमारास केल्या. रुग्णांच्या वागण्यात तेव्हा विशेष फरक आढळला नाही. इतका मोठा पट्टा कापूनही काही बिघडत नाही, याचे संशोधकांनाच कोडे पडले. ते रॉजर स्पेरी यांनी सोडवले. त्यांनी आणि रॉनल्ड मायर्स यांनी आधी मांजरांवर प्रयोग केले. १९६२ मध्ये लॉस एंजेलिसच्या फिलिप व्होगेल आणि जोसेफ बोगेन या शल्यचिकित्सकांनी एका माजी सैनिकावर ही शस्त्रक्रिया केली आणि स्पेरी यांचे विद्यार्थी मायकेल गझॅनिगा यांनी त्याच्या चाचण्या घेतल्या.

बिंदूच्या उजवीकडे क्षणभर चित्र दाखवले की रुग्ण त्याचे नाव सांगे. डावीकडे दाखवले की ‘काही दिसले नाही’ म्हणे. पण त्याच वेळी त्याचा डावा हात पडद्याआडच्या वस्तूंतून नेमकी तीच वस्तू उचले. उजव्या गोलार्धाने पाहिले होते, ओळखलेही होते, पण त्याच्यापाशी बोलण्याची सोय नव्हती. रंगीत ठोकळ्यांची नक्षी जुळवताना मात्र हा मुका गोलार्ध वरचढ ठरला: जे उजव्या हाताला जमेना ते डाव्याने केले. या कामासाठी स्पेरी यांना १९८१ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल मिळाले. पारितोषिकाचा अर्धा वाटा त्यांचा होता. उरलेला अर्धा डेव्हिड ह्यूबेल आणि टॉर्स्टन वीझल यांना, दृष्टीवरच्या कामासाठी.

गझॅनिगा आणि जोसेफ लदू यांचा नंतरचा एक प्रयोग फार गाजला. रुग्णाच्या डाव्या गोलार्धाला कोंबडीचा पाय दाखवला, उजव्याला बर्फाने भरलेले अंगण. जुळणारी चित्रे निवडताना उजव्या हाताने कोंबडी निवडली, डाव्याने फावडे. कारण विचारल्यावर रुग्ण सहज म्हणाला की पाय कोंबडीचा आणि खुराडे साफ करायला फावडे लागते. बोलणाऱ्या गोलार्धाला बर्फ दिसलेच नव्हते, तरी त्याने क्षणार्धात पटण्याजोगे कारण रचले. डावा गोलार्ध सतत असे अर्थ लावत असतो, असे गझॅनिगा यांनी यावरून मांडले.

डावा विरुद्ध उजवा ही लोकप्रिय कल्पना जन्मली ती इथेच. एका डोक्यात दोन मने, ही कल्पना भुरळ पाडणारीच. पण या प्रयोगांतले मेंदू तोडलेले होते आणि त्याआधी वर्षानुवर्षे आकडीने पोळलेले होते. शिवाय तोडल्यावरही चित्र एकसारखे नाही. २०१७ मध्ये ॲम्स्टरडॅमच्या याइर पिंटो आणि सहकाऱ्यांनी दोन रुग्णांच्या चाचण्या घेतल्या. दोन बाजूंची चित्रे एकमेकांशी ताडून पाहणे त्यांना जमत नव्हते, पण चित्र कोणत्याही बाजूला असले तरी ते दिसल्याचे दोघेही कोणत्याही हाताने किंवा तोंडाने सांगू शकत होते. पाहणे दुभंगले, तरी पाहणारा एकच राहिला, असा त्यांचा अर्थ. त्यावर मतभेद अजून चालू आहेत.

धडधाकट माणसांत

जोडलेल्या मेंदूत वाटणी मोजण्याच्या पद्धती त्याच काळात तयार होत होत्या. जुन वाडा यांनी १९४९ मध्ये मानेच्या एका बाजूच्या रोहिणीत गुंगीचे औषध सोडून त्या बाजूचा गोलार्ध काही मिनिटे झोपवण्याची चाचणी मांडली. रुग्ण दोन्ही हात वर धरून आकडे मोजत असतो. एक हात खाली पडतो. आणि झोपलेला गोलार्ध वाचेचा असेल तर मोजणेही थांबते. माँट्रियलच्या डोरीन किमुरा यांनी १९६१ मध्ये दोन कानांत एकाच वेळी वेगवेगळे अंक ऐकवून दाखवले की बहुतेकांना उजव्या कानातले जास्त बिनचूक सांगता येतात. पुढे एमआरआयसारख्या तंत्रांनी चाकू-सुईशिवाय तपासणी शक्य केली.

थिओडोर रासमुसेन आणि ब्रेंडा मिल्नर यांनी १९७७ मध्ये वाडा चाचणीचे आकडे प्रसिद्ध केले. उजव्या हाताच्या रुग्णांपैकी ९६ टक्क्यांची वाचा डावीकडे होती. डावखुऱ्यांत आणि दोन्ही हात सारखे चालणाऱ्यांत ७० टक्क्यांची डावीकडे, १५ टक्क्यांची उजवीकडे आणि १५ टक्क्यांची दोन्हीकडे. म्हणजे हात बदलला म्हणून मेंदू आरशातल्यासारखा उलटत नाही. मारून मुटकून उजव्या हाताने लिहायला लावल्यानेही तो बदलत नाही. लहानपणी सक्तीने हात बदललेल्या जर्मन प्रौढांची २००२ मध्ये तपासणी झाली, तेव्हा उजव्या हाताने लिहितानाही त्यांच्या उजव्या गोलार्धात, जन्मजात उजव्या हाताच्या माणसांत दिसत नाही अशी हालचाल दिसली. डावरे मूल दिसले की हातावर चापट मारणाऱ्या घरांनी एवढे लक्षात घ्यावे.

आजची वाटणी

भाषेपासून सुरुवात करू. व्याकरण, शब्दांची जुळणी, उच्चारांचे नियोजन यांत डावी बाजू स्पष्टपणे पुढे असते. मूकबधिरांच्या खुणांच्या भाषेतही तेच. खुणा अवकाशात होत असल्या तरी ती भाषा बिघडते डाव्या गोलार्धाला इजा झाल्यावर. हे अर्सुला बेलुगी आणि सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात दाखवले. तेव्हा डावीकडचे वैशिष्ट्य आवाजापुरते नाही, भाषेच्या रचनेचे आहे. पण बोलणे म्हणजे निव्वळ रचना नव्हे. ‘वा, काय शहाणा आहेस!’ हे कौतुक की टोमणा, हे सुरावरून कळते, आणि तो सूर ओळखण्यात उजवी बाजू मोलाची असते. तिथे इजा झालेल्या माणसाला शब्द कळतात, टोमणा कळत नाही. विनोद सपाट होतो. त्याचे स्वतःचे बोलणे एकसुरी होते.

गाण्यात ही वाटणी फार सुरेख दिसते. सोव्हिएत संगीतकार विसारिऑन शेबालिन यांची वाचा १९५९ च्या झटक्यानंतर जवळजवळ गेली, तरी ते संगीत रचत राहिले आणि १९६२ मध्ये त्यांनी पाचवी सिंफनी पूर्ण केली. २०२० मध्ये फिलिप अल्बुई, रॉबर्ट झाटोर आणि सहकाऱ्यांनी साथीशिवाय गायलेल्या ओळी ऐकवून पाहिल्या. ध्वनीतले काळाचे बारकावे पुसले की शब्द कळेनासे होत, चाल मात्र राही. स्वरांच्या कंपनांचे बारकावे पुसले की चाल हरवे, शब्द राहत. मेंदूत शब्दांचा माग डाव्या श्रवणभागात लागला आणि चालीचा उजव्या. यावरून ‘कला उजवीकडे’ असे म्हणता येत नाही. बंदिश ऐकताना बोल आणि सूर एकाच वेळी लागतात, कारण दोन्ही बाजू एकत्र राबत असतात.

चेहरे ओळखणारा भाग उजवीकडे अधिक प्रबळ असतो, अक्षरे ओळखणारा डावीकडे. ही अक्षरांची जागा जन्मतः ठरलेली नसते. वाचायला शिकल्यावर ती घडते, मग लिपी कोणतीही असो. देवनागरीचे एक वेगळेपण मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रातील नंदिनी चटर्जी सिंग आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये मांडले. हिंदी मजकूर वाचताना डावीकडच्या नेहमीच्या भागांबरोबर उजव्या गोलार्धाचा, अवकाशाचे भान ठेवणारा वरचा भागही कामाला लागतो. काना, मात्रा, वेलांटी आणि उकार व्यंजनाच्या चहूबाजूंना बसतात, हे ध्यानात घेतले तर ते स्वाभाविक वाटते.

गणितातही एक बाजू पुरत नाही. पाठ केलेला पाढा आठवताना डावीकडचे भाषेशेजारचे भाग पुढे येतात. दोन ढिगांतला मोठा कोणता, याचा अंदाज दोन्ही गोलार्ध घेतात. भावनांबाबत तर जुने दावे बरेच सैल झाले आहेत. डाव्या बाजूच्या झटक्यानंतर नैराश्य अधिक येते, असे बराच काळ मानले जाई. २००० मध्ये उपलब्ध अभ्यासांची एकत्र छाननी झाली तेव्हा त्याला आधार सापडला नाही.

वाटणी झालीच कशाला?

ही वाटणी माणसाची मिरास नाही. कॅनरी पक्ष्याचे गाणे मुख्यतः डावीकडून चालते, हे फर्नांडो नोटेबोम यांनी १९७० च्या दशकात दाखवले. ऑस्ट्रेलियातील लेस्ली रॉजर्स यांनी कोंबडीच्या पिलांवर काम केले. पिलू उजव्या डोळ्याने, म्हणजे डाव्या गोलार्धाने, खड्यांतून दाणे वेचते आणि डाव्या डोळ्याने घारीकडे लक्ष ठेवते. उबवणीच्या शेवटच्या दिवसांत अंड्यातले पिलू असे वळलेले असते की कवचातून आलेला उजेड उजव्या डोळ्यावर पडतो. अंडी अंधारात उबवली तर दाणे वेचण्यातली ही वाटणी नीट घडत नाही. मग अशा पिलांना दाणे वेचणे आणि वरच्या शिकारी पक्ष्याकडे पाहणे ही दोन्ही कामे एकाच वेळी जमत नाहीत, असे २००४ च्या प्रयोगात दिसले. वाटणीचा फायदा यातून कळतो: दोन अर्धे दोन कामे एकदम उरकतात.

ती लवचीकही आहे. लहान मुलांत भाषा ऐकताना दोन्ही गोलार्ध सक्रिय असतात. वय वाढते तसा उजवीकडचा वाटा कमी होतो. जन्माच्या सुमारास डाव्या बाजूला झटका बसलेल्या मुलांची भाषा उजवीकडे, आरशातल्यासारख्या जागी वसते आणि ती मोठेपणी नीट बोलतात, हे एलिसा न्यूपोर्ट आणि सहकाऱ्यांनी दाखवले आहे. प्रौढात तीच इजा आयुष्यभराचा वाचाघात ठरू शकते.

दुकान कसे थाटले गेले

स्पेरी यांच्या प्रयोगांच्या बातम्या १९७० च्या दशकात अमेरिकन मासिकांत झळकल्या. रॉबर्ट ऑर्नस्टीन यांच्या १९७२ च्या पुस्तकाने डाव्या-उजव्याची सांगड पाश्चात्त्य तर्क आणि पौर्वात्य अंतर्ज्ञान यांच्याशी घातली. १९७९ मध्ये बेट्टी एडवर्ड्स यांचे उजव्या मेंदूने चित्र काढायला शिकवणारे पुस्तक आले आणि जगभर खपले. चित्रकला शिकवण्याची त्यांची रीत उपयोगी असेलही, पण तिला गोलार्धांचा टेकू लागत नाही. काही कामे एका बाजूला झुकतात, या निष्कर्षाचे तोवर ‘काही माणसे एका बाजूची असतात’ असे रूपांतर होऊन गेले होते.

हे दुसरे वाक्य तपासता येते आणि ते तपासलेही गेले. युटा विद्यापीठाच्या गटाने २०१३ मध्ये ७ ते २९ वयाच्या १,०११ व्यक्तींचे स्कॅन अभ्यासले. भाषा, लक्ष अशा कामांची जाळी एका बाजूला झुकलेली होती, पण एखाद्या व्यक्तीची सगळी डावी किंवा सगळी उजवी बाजू बळकट असल्याचे आढळले नाही. तरीही २०१२ च्या पाहणीत ब्रिटनमधल्या ९१ आणि नेदरलँड्समधल्या ८६ टक्के शिक्षकांना असे वाटत होते की मुलांमधले फरक डाव्या-उजव्या मेंदूच्या वर्चस्वावरून समजू शकतात. शिक्षकच तसे मानत असतील तर पालकांना काय दोष द्यावा?

आपल्याकडे या समजुतीवर तीन धंदे उभे आहेत. पहिला, बोटांच्या ठशांवरून डाव्या-उजव्या मेंदूची टक्केवारी सांगणारा. ठसे गर्भातच पक्के होतात आणि मेंदू आयुष्यभर शिकत बदलतो. ठशांवरून बुद्धी किंवा कल मोजण्याला शास्त्रीय आधार नाही. दुसरा ‘मिडब्रेन’ जागा करून डोळ्यांवर पट्टी बांधून वाचायला लावणारा. मिडब्रेन हा मेंदूच्या देठातला भाग असतो, सगळ्यांचा जागाच असतो आणि डोळ्यांची हालचाल, बाहुलीचे आकुंचन अशी कामे सांभाळतो. पट्टीआडचे वाचन होते ते नाकाशेजारच्या फटीतून. तिसरा धंदा अबॅकसच्या वर्गांचा, आणि इथे न्याय करायला हवा. मनातल्या मनात मणी सरकवून केलेली बेरीज भाषेपेक्षा दृश्य स्मृतीवर चालते, हे गुजरातेतल्या मुलांवरच्या अभ्यासात दिसले आहे. बडोद्यातल्या एका शाळेत तीन वर्षे चाललेल्या तुलनात्मक प्रयोगाचे निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. अबॅकस शिकलेल्या मुलांची आकडेमोड काहीशी सुधारली, पण स्मरण, एकाग्रता वा एकूण बुद्धी वाढल्याचे दिसले नाही. बेरीज-वजाबाकीसाठी मुलाला घालायचे तर जरूर घाला. मेंदूच्या दोन बाजू जुळवण्यासाठी फी भरू नका. त्या जन्मापासून जुळलेल्याच आहेत.

जिथे डावे-उजवे खरोखर महत्त्वाचे

या सगळ्या ज्ञानाचा रोजचा उपयोग एका ठिकाणी मात्र मोठा आहे: अर्धांगवायूचा झटका ओळखताना. डावीकडे झटका बसला की उजवा हात लुळा पडतो, बोलणे अडखळते आणि घरचे लगेच घाबरतात. उजवीकडे बसला तर रुग्ण नीट बोलतो. पुष्कळदा आपला डावा हात हलत नाही हेच त्याला उमगत नाही. जोसेफ बाबिन्स्की यांनी या अवस्थेला १९१४ मध्ये नाव दिले. ‘मला काही झालेले नाही’ असे तो ठामपणे सांगतो आणि मोलाचे तास निघून जातात. झटक्याची तीव्रता मोजणाऱ्या जगभर वापरल्या जाणाऱ्या ४२ गुणांच्या तक्त्यातही भाषेशी निगडित गुण ७ आहेत आणि दुर्लक्षाचे फक्त २, म्हणजे मापसुद्धा डावीकडे झुकलेले. गुठळी विरघळवणारे औषध साधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच देता येते.

म्हणून घरातल्या वडीलधाऱ्यांचा चेहरा अचानक एका बाजूला ओघळला, एक हात वर राहीना, ताटातली डावी बाजू तशीच राहू लागली किंवा चालताना डावा खांदा दाराला धडकू लागला, तर ते कितीही स्पष्ट बोलत असले, कितीही ‘नको’ म्हणत असले, तरी वाट पाहू नका. १०८ ला फोन करा आणि सीटी स्कॅनची सोय असलेल्या रुग्णालयात न्या.